किनाऱ्यावरचा वरखर्च

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या साली यांनी एक दिवस जेवताना जाहीर केलं, "यंदा बोटीनं फिरायला जायचं." मला आधी उजनीच्या धरणातली बोट वाटली. मी म्हटलं, "त्यात काय एवढं, रविवारी जाऊन येऊ." मग यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. दहा-बारा मजल्यांचं पांढरंशुभ्र जहाज, वर पोहण्याचा तलाव. मुंबईहून निघायचं, मध्ये एक दिवस कोचीनला थांबायचं आणि परत मुंबई. सोलापुरातून बाहेर पडायचं म्हणजे आमची धाव पुणे, फार तर महाबळेश्वर. समुद्रात राहायला जायचं हे ऐकूनच माझा घास हातात राहिला.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच राहतात. मी एकुलती एक. शिवाय एकाच खोलीत तिसरा माणूस असला तर त्याचं तिकीट निम्म्याहून कमी पडत होतं. खरं सांगायचं तर अप्पांना बोटीवर नेण्यामागे एवढाच विचार होता. त्यांना कुठं जायला आवडेल, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

मी एका सी.ए.च्या ऑफिसात काम करते. आकड्यांची सवय, त्यामुळे खर्चाचं सगळं माझ्याकडे आलं. तिकिटांत राहणं आणि तीन वेळचं जेवण होतं. पण बोटीवर ओळखीच्या एकीची मैत्रीण जाऊन आली होती, तिनं सांगितलं, "तिकिटावर जाऊ नका, खरे पैसे वरखर्चात जातात." मशीनची कॉफी फुकट, पण कॉफीच्या दुकानातली विकत. थंड पेय विकत, इंटरनेट विकत, कपडे धुऊन देणं विकत, आपलाच काढलेला फोटो विकत. शिवाय बोटीवर नोटा चालत नाहीत. पहिल्या दिवशी काउंटरवर पैसे भरायचे, खोलीचं कार्ड दाखवत खर्च करायचा आणि उतरताना उरलेले परत घ्यायचे. म्हणजे नोटा लागणार त्या फक्त कोचीनच्या किनाऱ्यावर. तिथला खर्च जेवढा कमी तेवढं बरं, असं मी ठरवून टाकलं. बोटवाल्यांचीच शहर दाखवणारी बस होती. तिचे तिघांचे पैसे मी सोलापुरातूनच भरून मोकळी झाले.

त्या दिवसांत अप्पा माझ्याजवळ येऊन बसायचे. एकदा म्हणाले, "कोचीनला बोट किती येळ थांबती?"

"सकाळी लागते, संध्याकाळी सुटते. का हो?"

"न्हाय, सहज." थोडं थांबून परत, "तितं गाडी करून फिरायचं म्हटलं, तर किती पडतील?"

"गाडी कशाला, अप्पा? बसचे पैसे भरलेत मी. गाडीला कितीतरी जास्त लागतील."

"मग बरं झालं," ते म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं. माझ्या डोक्यात बेरीज चालू होती.

अप्पांची सगळी नोकरी होटगी स्टेशनात गेली. डबे जोडण्या-सोडवण्याचं काम. माझं लहानपण तिथल्याच क्वार्टरमध्ये गेलं. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक केरळी असिस्टंट स्टेशन मास्तर राहायचे. तेव्हा त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. आले तेव्हा मराठी एक अक्षर येत नव्हतं. ते शिकले अप्पांकडून आणि आईच्या हातची भाकरी खाता खाता. त्यामुळे बोलायचे तेही 'हाय' नि 'न्हाय' करत. सुट्टीवर गेले की येताना पोतंभर नारळ आणायचे, म्हणून मी त्यांना नारळकाका म्हणायचे.

मी शाळेत असताना डबे जोडताना अप्पांचा डावा हात सापडला. दोन बोटं गेली. त्या वेळी गाडी यायला अवकाश होता. नारळकाकांनी त्यांना मोकळ्या इंजिनावर बसवलं आणि हात आपल्या टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून सोलापूरच्या दवाखान्यात आणलं. रक्तही त्यांनीच दिलं. पुढं कित्येक दिवस ड्युटी संपली की ते दवाखान्यात येऊन बसत. आई म्हणायची, सख्ख्या भावानं केलं नसतं तेवढं त्यांनी केलं.

नंतर ते बदली मागून आपल्या मुलखात गेले. तिथं लग्न झालं, घर झालं, निवृत्त झाले. आधी पत्रं, मग वर्षा-दोन वर्षांनी फोन. अप्पांना निवृत्तीनंतरही रेल्वेचा पास होता. फुकटात जाता आलं असतं. पण आईला अर्धांगवायू झाला आणि ती अंथरुणावर असेपर्यंत अप्पा तिला सोडून कुठं गेले नाहीत. ती गेल्यावर मी म्हणायचे, "जाऊन या की." ते म्हणायचे, "आता एकल्यानं कुटं जाऊ? बोलतोय की फोनवर." मीही मग जोर केला नाही. नारळकाकांचं गाव कोचीनपासून दोनेक तासांवर आहे, हे मला कधी माहीतच नव्हतं. केरळ म्हणजे केरळ, एवढंच माझ्या डोक्यात.

बोटीवरचे पहिले दिवस मजेत गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. हे दिवसभर डेकवर. अप्पा नवीन पांढरा पायजमा-शर्ट घालून कठड्याला टेकून उभे राहायचे. काहीही खाताना आधी मला विचारायचे, "ह्येचे पैसे पडत्यात का?" तो प्रश्न दहा वेळा ऐकून मला हसू यायचं. यांनी एकदा हौसेनं आमच्या तिघांचा मोठा फोटो काढून घेतला आणि तो महागडा निघाला, तेव्हा मी चिडले होते. "वरखर्च हाताबाहेर चाललाय," मी अप्पांसमोरच म्हणाले. ते तिथून बाजूला झाले.

कोचीनला उतरलो, बसमध्ये बसलो. गाइडनं चर्च दाखवलं, मासे धरायची मोठी जाळी दाखवली, मसाल्यांच्या दुकानात नेलं. तिथं थोडा वेळ मोकळा दिला. मी वेलदोड्यांचा भाव करत होते. बाहेर पाहिलं तर अप्पा रस्त्याच्या कडेला, फोन कानाला लावून मोठमोठ्यानं बोलत होते. बोटीवर मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे मला वाटलं सोलापुरातल्या कुणाचा फोन आला असेल. जवळ गेले तर ते म्हणत होते, "आरं, मी कोचीनलाच हाय! तुझ्या कोचीनला!"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. पलीकडून जो आवाज आला तो मी तीस वर्षांनी ऐकत होते. तोच होटगीचा हेल.

"पोरी, काय गं ह्ये! हितवर आलासा आन् सकाळी फोन न्हाय केला? या की घरला! जेवान करून ठिवतो!"

मी फोन कानापासून दूर केला. मी अप्पांना विचारलं, "त्यांचं घर इथं आहे? मला सांगितलं का नाही?"

अप्पा खाली बघत म्हणाले, "तू समदं बसवलं होतंस. उगं तुझा खर्च वाढला असता. म्हटलं, निदान हितं येऊन फोन करावा. जवळनं आवाज ऐकू यील."

यांनी ते ऐकलं आणि लगेच रस्त्यावरची एक टॅक्सी थांबवली. हिंदी-इंग्रजीत विचारपूस झाली. ड्रायव्हर सरळ माणूस होता. म्हणाला, नेतो, पण पुढं पुलाचं काम चाललंय, परत वेळेत आणीन असं सांगू शकत नाही. सकाळी निघाला असतात तर आरामात झालं असतं. बोटीला परतायची वेळ चारची होती. त्यानंतर गेट बंद. बोट कुणासाठी थांबत नाही, हे आम्हाला तीनतीनदा बजावलं होतं.

"मामा, जाऊ या," हे म्हणाले. "बोट सुटली तर सुटली. रेल्वेनं परत जाऊ."

अप्पांनी मान हलवली. "सामान हाय आत. तिकिटाचं पैसं गेलं. न्हाय जावईबापू, र्‍हाऊ द्या."

फोन अजून चालूच होता. नारळकाकांनी सगळं ऐकलं असणार. म्हणाले, "तुमी हलू नका. मीच येतो." आणि फोन ठेवला.

आम्ही बस सोडली आणि रिक्षानं बंदराच्या गेटवर येऊन थांबलो. ऊन मी म्हणत होतं. गेटबाहेर एका झाडाखाली अप्पांना कठड्यावर बसवलं. ते दर थोड्या वेळानं उठून रस्त्यावर येत, येणाऱ्या प्रत्येक गाडीत वाकून बघत. मी पाण्याची बाटली पुढं केली तर म्हणाले, "तो आला की पिऊ." शर्टाची बटणं नीट केली. डावा हात खिशात घालून बसायची त्यांची सवय, तो त्यांनी बाहेर काढून मांडीवर ठेवला.

काकांचे फोन येत होते. शेजाऱ्याची गाडी मिळाली. निघालो. पुलाशी अडकलोय. मग पुष्कळ वेळ फोन नाही. मग, "सुटलो हितनं, आलोच."

बोटीची माणसं आत चला म्हणू लागली. हे त्यांच्याशी बोलून बोलून वेळ काढत होते. शेवटी गेटवरचा पहारेकरी जवळ आला, घड्याळ दाखवलं आणि अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. अप्पा उठले. एका शब्दानं वाद घातला नाही. आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडणारा माणूस, तो दुसऱ्याची वेळ कसा मोडणार? आत जाईपर्यंत ते मात्र उलटे चालल्यासारखे मागं बघत चालत होते.

आम्ही थेट वरच्या डेकवर गेलो. बोटीचे दोर सुटत होते तेव्हा फोन वाजला.

"मी गेटला हाय! आत सोडीनात! कुटं हायस तू?"

"वर! पार वर!" अप्पा ओरडले. "मी हात हलवतोय बघ!"

"हिरवा शर्ट हाय माझा! दिसतोय का रं?"

गेटच्या बाजूला भिंतीपलीकडे माणसं उभी होती, मुंग्यांएवढी. अप्पांनी दोन्ही हात वर केले. फोन मी त्यांच्या कानाशी धरला. बोट हळूहळू वळायला लागली. "दिसतोयस, दिसतोयस!" अप्पा म्हणत होते. "जाड झालास की लई!" पलीकडून हसण्याचा आवाज आला, मग नुसतीच खरखर, आणि रेंज गेली.

अप्पा किनारा पुसट होईपर्यंत उभे होते. मी विचारलं, "दिसले का हो काका?"

"एवढ्या लांबनं कोण दिसतंय, पोरी," ते म्हणाले. "पर त्येला बरं वाटलं असंल."

पुढचा सबंध दिवस समुद्रात होता. नाश्त्याच्या टेबलावर यांनी अप्पांसाठी दुकानातली कॉफी मागवली, ती त्यांनी पैशाचं न विचारता प्यायली. मग एकाएकी मला म्हणाले, "त्या टॅक्सीवाल्यानं किती मागितलं हुतं?"

"पाच हजार."

त्यांनी आतल्या खिशातून रुमाल काढला. त्यात घडी घातलेल्या नोटा होत्या. पेन्शनमधून त्यांनी स्वतःच्या वरखर्चाला म्हणून आणल्या होत्या आणि एकही मोडली नव्हती. मोजायची गरज नव्हती, पाच हजारांहून जास्तच होत्या.

"तेवढे माझ्याकडंच हुते की," ते म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं. "म्हटलं, तुला कमी पडलं तर असावेत."

यांनी माझा हात धरला. मी उठून कठड्याशी गेले आणि पुष्कळ वेळ पाण्याकडे बघत राहिले. उतरताना काउंटरवर आमचे कितीतरी पैसे परत मिळाले. मी लावलेल्या हिशेबाहून खर्च कमी झाला होता. असा हिशेब जमल्याचा आनंद मला एरवी किती झाला असता.

सोलापूरला आल्या आल्या यांनी दिवाळीच्या सुट्टीतली रेल्वेची तिकिटं काढली. अप्पांनी काकांना फोनवर तारीख सांगितली, दोघांनी काय काय खायचं तेही ठरवलं. पण दिवाळीच्या आधीच काकांची कॅनडातली मुलगी आली. काकूंच्या गुडघ्यांचं दुखणं वाढलं होतं आणि दोघांचं एकट्यानं राहणं तिला पटत नव्हतं. तिनं घर भाड्यानं दिलं आणि दोघांना घेऊन गेली. काकांनी जायच्या आदल्या दिवशी फोन केला. "सा म्हयन्यांत येतो," म्हणाले. त्याला आता दोन वर्षं झाली.

रविवारी संध्याकाळी मी अप्पांना व्हिडिओ कॉल लावून देते. तिकडे तेव्हा सकाळ असते. काका स्वेटर घालून खुर्चीत बसलेले दिसतात. अप्पांना आता ऐकू कमी येतं, काकांना नीट दिसत नाही. थंडी किती, ऊन किती, काय जेवलास, औषध घेतलंस का, एवढं झालं की दोघांचं बोलणं संपतं. "बरं मग, ठिवतो," अप्पा म्हणतात. "व्हय व्हय, ठिव," काका म्हणतात. पण ठेवत कुणीच नाही. दोघं तसेच एकमेकांकडे बघत बसतात आणि शेवटी फोन मलाच बंद करावा लागतो.