प्रिंटमध्ये येणारी चौकट

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. स्वयंपाकघरातल्या खणात प्लास्टिकच्या पिशव्या कुणी मुद्दाम भरत नाही, तरी खण भरतो, तसंच आहे ते. नवीन कुणी आलं, पोहे झाले, चहा झाला, की कुणीतरी म्हणतं, "यांना चौकटीचं सांग ना." मग काम बंद.

तर चौकटीचं असं. इंदूरला पलासियात आमचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. नकाशे कॉम्प्युटरवर काढतो. नकाशात एखादा फोटो टाकला, झाडाचा म्हणा, प्लॉटचा म्हणा, की त्याच्याभोवती एक बारीक काळी चौकट आपोआप येते. स्क्रीनवर आली तर चालतं, पण आमच्याकडे ती प्रिंटमध्येही यायची. का यायची, हे कितीतरी दिवस आमच्यापैकी कुणालाच मालूम नव्हतं.

* * *

पाध्ये सर आमचे मालक. जन्म इंदूरचा, वडिलांचाही इंदूरचा, त्यामुळे मराठी बोलता बोलता कधी हिंदीत उतरतील, सांगता येत नाही. त्यांचं पक्कं मत होतं की दोष प्रिंटरचा आहे.

"भंवरकुआंला जा," ते मला म्हणाले, "आणि दिनेशला सांग, भिया, तुझी मशीन साफ कर."

दिनेशभियांचं दुकान कॉलेजच्या मुलांच्या शीट छापणारं. कायम गर्दी. मी निरोप दिला. ते म्हणाले, "मॅडम, मशीन तो वही छापेगी जो आप भेजोगे." पण सरांचा मान म्हणून त्यांनी मुलांना बाजूला केलं, मशीन उघडली, रोलर पुसले, आतली धूळ काढली आणि आमची शीट पुन्हा काढली. ती उजेडात धरून नीट पाहिली.

"देखो," ते समाधानाने म्हणाले, "अब लाइन पहले से साफ आई है."

* * *

सियागंजचे बन्सीलालजी आमचे मोठे क्लायंट. हार्डवेअरचं होलसेल. शहराबाहेर त्यांना गोदाम बांधायचं होतं आणि आम्ही नकाशात त्या जागेचे वरून घेतलेले दोन फोटो शेजारी शेजारी जोडून टाकले होते. ते बघायला येणार त्या दिवशी शीटवर चौकट आलीच, आणि जोडावरची तिची रेघ बरोबर त्यांच्या प्लॉटच्या मधून गेलेली.

नवीन प्रिंट काढायला वेळ नव्हता. सरांनी ड्रॉवरमधून व्हाइटनर काढला आणि फूटपट्टी धरून स्वतः रेघ पुसायला बसले. हात थोडा हलला, मग दुरुस्ती केली, मग दुरुस्तीची दुरुस्ती. रेघ गेली. तिच्या जागी फोटोवर चांगला रुंद पांढरा पट्टा आला.

बन्सीलालजींनी शीट बराच वेळ पाहिली. शेवटी त्या पट्ट्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "ये सड़क बहुत बढ़िया निकाली आपने. ट्रक सीधा अंदर."

सरांनी व्हाइटनरची बाटली हळूच खिशात टाकली. "हां जी," ते म्हणाले, "वो तो ज़रूरी थी."

तो रस्ता आम्हाला पुढे खराच काढावा लागला. त्या गोदामात सगळ्यात चांगलं काही जमलं असेल, तर तो रस्ता.

* * *

मग प्राजक्ता आली. सांगलीची मुलगी, कमी बोलणारी. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "सर, त्याला एक कमांड असते." तिने काहीतरी टाइप केलं, शेवटी शून्य दाबलं, आणि सगळ्या चौकटी गेल्या. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. खाली माणूस पाठवून कचोऱ्या मागवल्या. आणि सगळ्यांना बजावलं, "ही चौकट आता कुणी परत आणायची नाही, तिचं नावही काढायचं नाही. एकदा आली तर जाणार नाही ती."

दुसऱ्या दिवशी संकट आलं. बन्सीलालजींना प्रत्येक शीटवर गणपतीचं चित्र लागतं. ते मी वरच्या कोपऱ्यात ठेवणारच होते, तोवर चित्र टाकून ठेवलं होतं मधेच कुठेतरी. आता पाहते तर गणपतीबाप्पा चौकीदाराच्या खोलीच्या टॉयलेटमध्ये. उचलायला गेले तर उचलेनात. चित्र पकडायचं ते त्याच्या चौकटीला, आणि चौकट तर आम्ही घालवलेली.

मी क्लिक करून बघितलं, सरांनी बघितलं, बाप्पा जागचे हलेनात. शीट घ्यायला बन्सीलालजींचा ड्रायव्हर येऊन बसला होता.

सर घाम पुसत म्हणाले, "देवाला तिथे ठेवून शीट पाठवता येणार नाही."

"मग काय करू, सर?"

सर स्क्रीनवर वाकले. "टॉयलेट हलव."

मी टॉयलेट हलवलं. त्यापायी पाइप हलले, जिना फिरला, चौकीदाराची खोली उत्तरेची पूर्वेला गेली. शीट गेली. ड्रायव्हर जिना उतरल्यावर प्राजक्ता म्हणाली, "सर, शून्याऐवजी दोन टाकलं तर चौकट स्क्रीनवर दिसते, फक्त प्रिंटमध्ये येत नाही."

"अगं मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही चौकटीचं नाव काढू नका म्हणाला होतात."

* * *

लोगोचं छोटंसंच आहे. ऑफिसची पाटी रंगवायला दिली, तेव्हा पेंटरला नमुना म्हणून जुनी शीट दिलेली. त्याने लोगो रंगवला आणि भोवतीची चौकटही रंगवली, सोनेरी रंगात. ती लोकांना फार आवडली. तेव्हापासून प्रत्येक शीटवर आधी आम्ही आपोआप येणारी चौकट बंद करतो आणि मग लोगोभोवती चार रेघा हाताने काढतो.

* * *

आता दांडेकर काकूंचं.

काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. मुलगा बाहेरगावी. घराची दुरुस्ती आमच्याकडे होती आणि काम कैलासभिया बघत होते. ठेकेदार म्हणून माणूस चोख, नकाशाबाहेर एक वीट लावणार नाही. अंगणात जांभळाचं झाड होतं म्हणून मी नकाशात झाडाचा फोटो टाकला. तेव्हा प्राजक्ता यायची होती. झाडाभोवती चौकट छापली गेली, आणि कैलासभियांनी झाडाभोवती चौकोनी ओटा बांधला.

मी बघायला गेले तर काकू ओट्यावर बसून वाटाणे सोलत होत्या. शेजारच्या दोघी येऊन बसलेल्या. "किती छान सुचलं गं तुला," काकू म्हणाल्या. "घरात कुणी येत नव्हतं माझ्याकडे. इथे येतात." मीही वाटाणे सोलायला बसले.

पुढे जिना बदलला म्हणून नवीन शीट गेली. मुलाच्या सांगण्यावरून पोर्चमध्ये गाडीचा फोटोही टाकला होता. तोवर प्राजक्ता आलेली, शीट स्वच्छ. तिसऱ्या प्रहरी काकूंचा फोन आला.

"अगं, हा माणूस माझा ओटा तोडून राहिला आहे. तू ये."

मी रिक्षा केली. काकू ओट्यावर मांडी घालून बसल्या होत्या. समोर कैलासभिया नवीन शीट हातात घेऊन, मागे घण घेतलेले दोन मजूर.

"मैडम, अपन तो नक्शे से चलते हैं," कैलासभिया म्हणाले. "नए नक्शे में ये है ही नहीं."

"तो राहू द्या ना, मी सांगते आहे."

"आप तो बोल के चली जाओगी. नक्शे में दिखाओ."

मी समजावलं, विनवलं. माणूस ऐकेना, काकू उठेनात. शेवटी प्राजक्ताला फोन केला. "चौकट चालू कर, शीट काढ आणि कुणाच्या तरी हाती पाठव."

"नक्की?" तिने विचारलं.

"नक्की."

शीट आली. कैलासभियांनी ती पोर्चमध्ये पसरली, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. झाडाभोवती चौकट होती. त्यांनी मजुरांना थांबायची खूण केली आणि त्यांनी घण खाली ठेवले. काकूंनी डोळे पुसले.

कैलासभिया मात्र शीटवरून उठले नाहीत. बोट फिरवत फिरवत ते पोर्चमधल्या गाडीभोवतीच्या चौकटीवर थांबले.

"मैडम," ते म्हणाले, "गाड़ी के चारों तरफ भी इतनी ही ऊंची रखनी है?"

मी तोंड उघडायच्या आत काकू ओट्यावरून म्हणाल्या, "दरवाजा ठेवायला सांग गं त्यांना."

कैलासभियांनी कानामागची पेन्सिल काढली.