वीतभर पक्का जोड

बाई दुकानात आल्या की आधी बसत नसत. समोर जे लाकूड दिसेल त्यावर बोटाचं पेर वाकवून ठोकत आणि कान देत. कपाट, पाट, दाराची चौकट, काहीही. मग निकाल लागे. "हे बोलते," किंवा, "भाऊ, हे मुकं हाये."

पोंभुर्ण्यात माझं सुतारकामाचं दुकान आहे. गिऱ्हाइकांनी माझ्या कपाटांना आजवर महाग म्हटलं, वाकडं म्हटलं, पण मुकं कोणी म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा मला रागच आला. बाई गेल्यावर मात्र मी एकेका कपाटावर ठोकून पाहिलं. तुम्हीही पाहिलं असतं.

त्या इथल्याच. वडील धान पिकवत आणि विहारात पेटी वाजवून गाणी म्हणत. पोरीचा गळा ओळखून त्यांनी तिला नागपूरला गुरुजींकडे ठेवलं. बरीच वर्षं शास्त्रीय गाणं शिकल्यावर बाईंनी एका कार्यक्रमात चेलो ऐकला आणि त्याच्या मागे थेट मुंबई गाठली. गुरुजींनी बोलणं टाकलं. पोरगी गाणं सोडून परदेशी वाद्याच्या नादी लागली, असं त्यांना वाटलं. बाईंचं म्हणणं निराळं होतं. आपला गळा खाली जिथं संपतो तिथून चेलो सुरू होतो, मग सोडलं काय? मुंबईत त्या मैफलींत गायल्या आणि पोटासाठी सिनेमाच्या गाण्यांमागे चेलो वाजवत राहिल्या. पुढे स्टुडिओतलं काम मशीननं खाल्लं, इकडे आई थकली, म्हणून त्या परतल्या आणि आश्रमशाळेत संगीत शिकवू लागल्या.

चेलो तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो, तो व्हायोलिनचा थोरला काका. एसटीत बाई त्याला खिडकीशी बसवत आणि स्वतः कडेला बसत. चामोर्शीच्या बाजाराला निघालेल्या एका आजीनं त्या झाकलेल्या आकाराकडे बघत विचारलं होतं, पेशंट आहे का म्हणून. बाईंनी गंभीरपणे होकार दिला, याला गरमी सहन होत नाही म्हणाल्या. आजीनं खिडकी उघडून दिली.

माझ्याकडचं त्यांचं पहिलं काम चौरंगाचं. गायला मांडी लागते, चेलोला खुर्ची, आणि बाईंना दोन्ही एकदम करायचं होतं. त्यासाठी ठेंगणा चौरंग हवा होता. मी त्याचे पाय तीनदा कापले. दर वेळी त्या बसून पाहत आणि म्हणत, "अजून दोन सूत."

मग एका पावसाळ्यात चेलोचा जोड सुटला. वरचं झाकण आणि बाजूची पट्टी यांच्यात वीतभर फट पडली. बाईंनी बजावलं की पातळ सरस लावा, गच्च बसवू नका. सरस म्हणजे कातड्यापासून केलेला चिकट पदार्थ. माझा बाप तो चुलीवर शिजवायचा आणि त्या वासानं आई घर सोडून अंगणात बसायची. मी तो कधीच सोडून दिला होता. शिवाय, सुताराचा जोड सुटला की सुताराची इज्जत जाते. मी डब्यातला पक्का गोंद लावला, शिकंजे आवळले आणि बाईंना सांगितलं नाही.

मे महिन्यात झाकण उभं फाटलं.

नागपुरात कार्यक्रम होता, दोन आठवड्यांवर. बाई पहिल्यांदाच गुरुजींसमोर एकाच बैठकीत गाणार आणि वाजवणार होत्या. गुरुजी नव्वदीला आलेले, इतक्या वर्षांनी ऐकायला तयार झालेले. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणण्यासारखी गोष्ट नव्हती.

बाईंनी चेलो माझ्या टेबलावर आडवा ठेवला. ठोकलं. ऐकलं.

"सरस नव्हता ना, भाऊ?"

"नाई. तुमाले पुन्हा तरास नको म्हणून पक्का लावला."

त्या जरा वेळ चिरेवरून बोट फिरवत राहिल्या. "उन्हाळ्यात लाकूड आखडते. जोड सुटला तर लाकूड वाचते. तुमचा जोड सुटला नाई, म्हणून लाकूड फाटलं."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

झाकण काढणं भाग होतं. तारा सैल केल्या तशी आत काहीतरी खट्‌कन पडलं. टॉर्च लावून पाहिलं तर एक काडी. ती आत उभी असते, तिला गोंद नाही, खिळा नाही, नुसत्या ताणावर उभी. माझा विश्वासच बसेना. बाई म्हणाल्या की पडू द्या, परत उभी करता येते. परमुलखातल्या कुण्या कारागिरानं केलेला सगळा जोड पातळ सुरीनं तासाभरात सुटला. माझी वीतभर फुशारकी सोडवायला तीन दिवस लागले.

चेलो उघडा पडला म्हणून रियाज बुडवायचा नाही. बाईंनी चौरंग दुकानात आणला आणि रोज माझ्याशेजारी बसून खर्ज लावला. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं सकाळची मशीन बंद ठेवायला सुरुवात केली. मी बापाचं भांडं शोधून सरस शिजवला, आतून चिरेवर लहान लहान ठोकळ्या चिकटवल्या. झाकण सरसानंच परत बसवलं, तारा चढवल्या. चेलोचा आवाज आला, थोडा बसलेला. चौरंग बाईंनी परत नेलाच नाही. लागेल म्हणाल्या.

नागपूरला मीही गेलो. गुरुजी शेवटपर्यंत डोळे मिटून होते. मग त्यांनी चेलो जवळ आणायला लावला आणि त्यावरून हात फिरवला. चिरेपाशी थांबून विचारलं, इथं काय झालं?

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "यांनी वाचवला."

फाडला कोणी, ते त्यांनी तिथंही सांगितलं नाही आणि पुढे कुठंही नाही.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. चेलो त्यांच्या शिष्येकडे आहे. ती मुलचेऱ्याकडे वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या एका गावातली, आता नर्स आहे. या श्रावणात ती घाबरीघुबरी होऊन चेलो घेऊन आली. जोड सुटला होता, तीच वीतभर जागा. मी ठोकून पाहिलं. लाकूड शाबूत होतं.

"दादा, या वेळी पक्का लावा," ती म्हणाली.

मी नाही म्हटलं आणि बापाचं भांडं शेगडीवर चढवलं. बाई गेल्यापासून दुकानात कोणी गायलं नव्हतं. कोपऱ्यातला चौरंग काढला, पुसला आणि तिच्यापुढे ठेवला.

"सरस शिजायले वेळ लागते," म्हटलं. "तोवर गा."