फोटोतला दुसरा माणूस

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. सांगतोय, एवढंच.

निवृत्तीनंतर गारखेड्यातल्या आमच्या वाचनालयात मी एक काम अंगावर घेतलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या काळातले लोकांच्या घरातले फोटो, पत्रकं, पत्रं गोळा करायची, स्कॅन करून संगणकावर जपायची आणि मूळ वस्तू परत द्यायच्या. नियम मीच केले. पहिला नियम — फोटोची मागची बाजूही स्कॅन करायची. खरी माहिती तिथंच असते, असं मी येईल त्याला ऐकवायचो. मोठा शहाणा!

एक दिवस कमलताई नावाच्या एक बाई आल्या. पिशवीत जुनी फ्रेम. फोटोत दोन तरुण, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेले.

"ह्यो माझा भाऊ, दिनकर. आता नाय तो," त्या म्हणाल्या. "दुसरा कोण, तेवढं शोधून द्या, भाऊ."

दुसरा मी होतो.

तेव्हा डोक्यावर केस होते, चष्मा नव्हता. त्या ओळखणार कशा? तेव्हा त्या कन्नडला सासरी असायच्या. आणि मी — दिनकर सारखा घरी बोलवायचा, मी सारखा टाळायचो. त्याच्या वस्तीत जाऊन जेवलो हे आमच्या गावात कळलं तर? दोस्ती होती, पण कारखान्याच्या फाटकाच्या आतली.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात आम्ही शेजारशेजारच्या मशीनवर होतो. नामांतरावरून सगळीकडे वातावरण तापलेलं. एका दुपारी कारखान्याच्या बसवर दगड पडले, ड्रायव्हरचा डोळा गेला. कुणीतरी दिनकरचं नाव घेतलं. आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, पाळी सुटल्यावर आम्ही दोघं क्रांती चौकातल्या एका स्टुडिओत हा फोटो काढत होतो! मागं स्टुडिओचा शिक्का, तारीख, वेळ — सगळं होतं. दिनकरनं तो माझ्यापुढं धरला.

"दाखवू का सायबाला?"

माझे वडील गावात नामांतराच्या विरोधात सभा घेत होते. मी म्हणालो, "नको रे. गावात माझं जगणं हराम होईल."

तो "बरं," म्हणाला, आणि फोटो खिशात घातला. नंतर साहेबानं मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो — मला काही माहीत नाही. दिनकरला काढून टाकलं. मी त्याच कारखान्यातून हारतुरे घेऊन निवृत्त झालो.

पण मला सांगायचंय ते एवढंच नाही. तेव्हा मी तरुण होतो, भ्यालो. आता?

स्कॅन करायला मी फ्रेमचे खिळे काढले. मागं शिक्का होता, तारीख होती, आणि दिनकरच्या अक्षरात दोन नावं. माझं पहिलं. कमलताई समोर बाकावर चहा पीत होत्या. त्यांनी ती बाजू कधी पाहिलेलीच नव्हती. मी पुढची बाजू स्कॅन केली. पुठ्ठा लावला, खिळे दाबले. ओळखीच्या रकान्यात टाइप केलं — डावीकडे दिनकर, उजवीकडे अनोळखी. फ्रेम ताईंना परत दिली.

त्या दर महिन्याला यायच्या. "कुणी वळखलं का?"

"नाही, ताई."

"सासरी अजून मला डोळा फोडणाऱ्याची बहीण म्हणत्यात. तो सांगायचा, मी दोस्तासंगं फोटो काढत व्हतो. दोस्ताचं नाव इचारलं की गप. मरेपर्यंत नाय सांगितलं."

मला कुणाची भीती होती? वडील कधीच गेले. गाव सुटलं. विद्यापीठाचं नाव बदलून किती वर्षं झाली. भीती नव्हतीच. वाचनालयात लोक मला मान देत होते, तो मला हवा होता — बस.

गेल्या महिन्यात ताईंऐवजी त्यांची मुलगी आली. ताई गेल्या होत्या. तिनं फ्रेम टेबलावर ठेवली.

"आई सांगून गेली, फोटो इथंच ठेवा. तो माणूस कधी आला तर त्याला द्या. मामाचा दोस्त हाय, त्याच्यापाशी तरी मामाचा फोटो असावा म्हणं."

मी नोंदवहीत सही केली आणि फोटो घरी आणला. संगणकावर तो माणूस अजून अनोळखीच आहे.