धोंड्याचा चाकू

लग्नात मी हुंडा घेतला नाही, हे मी लग्नानंतर इतक्या जणांना सांगितलं की शेवटी बायको म्हणाली, घेतला असता तर निदान एकदाच बोलणं झालं असतं. तेव्हा मी साताऱ्यात एका कॉलेजात नुकताच शिकवायला लागलो होतो. गाव पाटणच्या बाजूला, घरी ऊस, चुलते पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. सासुरवाडी विट्याची. सासऱ्यांचा गलाईचा धंदा. म्हणजे सोनारांकडचं तुटकंफुटकं, भेसळीचं सोनं घ्यायचं, वितळवून शुद्ध करायचं आणि परत द्यायचं. दुकान तिकडं कोइमतूरला. विट्याकडची कितीतरी माणसं अशीच देशभर कुठं कुठं भट्ट्या पेटवून बसलेली असतात. त्यामुळं आमच्या गावाची पक्की समजूत होती की माझ्या सासऱ्यांच्या घरी सोनं पाटीनं ओततात. सोनं गिऱ्हाइकाचं असतं, आपल्या वाट्याला मजुरी आणि धूर येतो, असं सासरे कळवळून सांगायचे. पण असली माहिती कुणाला आवडत नाही.

१९९३ साली अधिक महिना आला. लग्नानंतरचा पहिलाच. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे करतात, अनारशांचं वाण देतात आणि तबकात जावयासाठी काहीतरी ठेवतात. या ‘काहीतरी’चा अर्थ आमच्याकडं अंगठी. सासरे सरळ माणूस, त्यांनी आधीच विचारून टाकलं, “पावनं, काय करायचं सांगा. लाजू नका.”

मी लाजलो नाही. मी तत्त्वावर आलो.

त्याच्या थोडंच आधी कॉलेजच्या पोरांना घेऊन पाचगणीला गेलो होतो. तिथं टेबललँडवर एक गोरा पाहुणा दगडावर बसून सफरचंद कापत होता. चाकू असा की मिटला तर पेनाएवढा. अंगठ्यानं जरासा ढकलला की पातं बाहेर, पुन्हा ढकलला की आत. पोरं निसर्ग बघत होती आणि मी चाकू बघत होतो. तो डोक्यात बसला होता. म्हणून मी म्हणालो, “मामा, सोनंबिनं नको. द्यायचंच असलं तर एखादा चाकू द्या. खिशात मावंल असा, पातळसा.”

“चाकू?”

“चाकू.”

“बरं,” सासरे म्हणाले. मला वाटलं, बाजारातून लाल मुठीचा एखादा आणतील, आणि ‘जावयानं सोनं नाकारलं’ ही बातमी मला फुकटात मिळेल.

धोंड्याला आईही आली आणि चुलतीही आली. तबकात दिवा, सुपारी, पोशाख, आणि एक काळी, अरुंद, लांबट डबी. चुलतीनं आईला कोपर मारलं. डबीचा आकार बघून ती मनातल्या मनात चेनपर्यंत पोचली होती. सासऱ्यांनी डबी दोन्ही हातांनी पुढं केली. मी उघडली. आत करड्या रंगाचा, अंगावर नक्षी नाही की पितळ नाही, असा एक सपाट चाकू झोपला होता. तसलाच. पाचगणीच्या पाहुण्याकडं होता तसाच.

मी खरंच हरखलो. तोंडातून “वा!” निघून गेलं. माझा ‘वा’ सोडला तर खोलीत दुसरा आवाज नव्हता.

परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “सोन्याच्या धंद्यातला माणूस, आन जावयाला लोखंड दिलं.”

“मीच मागितलं होतं, आई.”

“तू मागशील रं. द्येनाऱ्याला कळाय पायजे.”

रात्री घरी पोचल्यावर बायकोनं हळूच सांगितलं. आधी वडील साधा चाकू घ्यायलाच गेले होते. पण तिकडं कोइमतूरला परदेशी मालाच्या दुकानात हा बघितला आणि हाच घेतला. अर्ध्या तोळ्याच्या अंगठीला लागले असते त्याहून जास्तच पैसे पडले. मी चाकू पुन्हा हातात घेऊन बघितला. एवढीशी वस्तू. एवढे पैसे कुठं लपलेत ते मला काही दिसेना.

आमच्या भागात किंमत वजनावर. ऊस काट्यावर, गूळ ढेपेवर, पाहुणा पोटावर. जड ते भारी, हलकं ते हलकं. या चाकूचं सगळं कौतुक त्याच्या पातळपणात आणि हलकेपणात होतं. म्हणजे सासऱ्यांनी जास्तीचे पैसे मोजले ते वस्तूतून जे काढून टाकलं होतं त्याचे. हे मी गावात कुणाला समजावणार? मला स्वतःलाच अधूनमधून समजायचं.

चुलत्यांनी चाकू तळहातावर घेऊन वर-खाली केला. “ह्याला वजनच न्हाई. हवालदाराच्या कमरंला असला चाकू बघून दुश्मन हसून मरंल.”

“कापायला वजन लागत नाही, तात्या. धार लागते.”

“मग दाव की. ऊस सोलून दाव.”

पारावर माणसं बसलेलीच होती, त्यांना कामच मिळालं. कुणीतरी ऊस मोडून आणला. मी कांड्याची साल काढायला घेतली. साल निघत होती, नाही असं नाही. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, देखणी साल. पण उसाला देखणेपणाची गरज नसते. माझं एक कांडं अर्धं सोलून होईपर्यंत बाकीच्यांनी दातांनी सोलून, चावून, चिपाडं टाकून हातसुद्धा धुतले. तात्या म्हणाले, “चाकू लय चांगला हाय गड्या. सवड पायजे.”

त्या दिवसापासून सासऱ्यांना नाव पडलं, चाकूवाले सासरे. गावात नाव पडायला वेळ लागत नाही आणि पुसायला पिढी जावी लागते. कुणाचा जावई धोंड्याला निघाला की हमखास विचारायचे, “अंगठी हाय का चाकू?” यात मला फारसं लागत नव्हतं. मी साताऱ्यात असायचो, शनिवार-रविवार गावी यायचो, आणि माझं तत्त्व गावात चर्चेत आहे याचं मला जरा बरंच वाटत होतं. बायको मात्र त्या वर्षी घरीच, गावात राहत होती. पिठाच्या गिरणीत तिच्या पाठीमागं बायका खुसखुसायच्या. एका शनिवारी आलो तर दळण आणायला आई गेली होती. विचारलं, तर बायको भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाली, “तुमच्या तत्त्वाचं बिल माझ्या वडलांच्या नावावर फाडलंय तुम्ही. आयुष्यात कुणाचं गुंजभर सोनं इकडचं तिकडं केलं नाही त्यांनी. आणि आता चिक्कू म्हणून ओळखतात.”

मला एकदम भरून आलं, आणि रागही आला. राग गावाचा आला, कारण तो तिथं ठेवायला सोपा होता. मी ठरवलं, किंमत सांगून टाकायची. खरं तर भेटीची किंमत सांगायची नसते. देणाऱ्यानं तर नाहीच, घेणाऱ्यानंही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर जाऊन मी सांगितली. अंगठीपेक्षा जास्त पैसे पडलेत म्हणालो.

पार गप्प झाला. मला वाटलं, जिंकलो.

मग एक म्हातारा पिंक टाकून म्हणाला, “अंगठीच्या पैशात चाकू घेतला? आरं, मग चिक्कू न्हवं. खुळाच हाय की त्यो!”

सगळ्यांना हे पटलं. संध्याकाळपर्यंत सासरे कंजूष होते ते वेडे ठरले. आईसुद्धा म्हणाली की कंजूष तरी परवडला असता, त्यात नातवंडांना धोका नसतो.

कुणी कळवलं कुणास ठाऊक, पण हे विट्यापर्यंत गेलं. दिवाळसणाला आम्ही गेलो तेव्हा पाडव्याला सासऱ्यांनी माझ्या बोटात अंगठी घातली. चांगली दणदणीत, मधोमध घोड्याचं तोंड. तत्त्वाचं मी त्या वेळी नावच काढलं नाही, कारण शेजारी बायको उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी आठवड्यांनी सुटल्यासारखं दिसत होतं. गावात परतल्यावर अंगठी हातोहात फिरली. तात्यांनी तळहातावर वर-खाली केली आणि मान डोलावली. अंगठीनं काय कापतं, असं कुणीही विचारलं नाही. ती बोटात रुतायची म्हणून मी कपाटात टाकली आणि चाकू खिशात ठेवत राहिलो.

पण त्या दिवाळीची माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट अंगठी नाही. परत निघताना सासू-सासरे आम्हाला विट्याच्या स्टँडवर सोडायला आले होते. गाडीला वेळ होता. बायको तिच्या आईशी बोलत बाकावर बसली. सासऱ्यांनी पेरू घेतले आणि मला जरा बाजूला नेऊन विचारलं, “पावनं, चाकू चांगला हाय न्हवं?”

“लय चांगला हाय, मामा.”

“बघू.”

मी काढून दिला. आयुष्यभर सोनं शुद्ध करायचं तेजाब हाताळून त्यांची बोटं पिवळट, खरबरीत झाली होती. त्या बोटांनी त्यांनी चाकू असा धरला की मला माझीच बोटं अडाणी वाटली. अंगठ्यानं पातं उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग पेरूच्या फोडी केल्या, सारख्या, पातळ. मला एक दिली आणि स्वतः खायची विसरून पात्याकडं बघत राहिले.

“घ्यायच्या आदी मी ह्यो आमच्या दुकानातल्या काट्यावर टाकून बघितला,” ते म्हणाले. “त्या परदेशी मालवाल्याला सांगूनच नेला हुता. लय कमी भरला. म्हनलं, एवढ्याला एवढं पैसं? परत द्यायला निघालो. पर वाटंत हातात धरला, आन हात सोडंना बघा. कुनी बनवला आसंल? जिथं जितकं पायजे तितकंच ठिवलंय. जादाचं काय बी न्हाई.” मग पात्यावरची नजर न काढता म्हणाले, “आयुष्यात पयल्यांदा आसं वाटलं, ही वस्तू आपल्याला कुनीतरी द्यावी.”

या माणसाला कुणी काय दिलं असेल, असा विचार माझ्या डोक्यात त्या क्षणापर्यंत आला नव्हता. मुलीच्या बापानं द्यायचं असतं. त्याला स्वतःला आवडेल ती वस्तूही त्यानं जावयासाठीच घ्यायची.

“मामा, ठेवा हा तुम्ही,” मी म्हणालो. “माझ्याकडं अंगठी आहे की आता.”

ते दचकून मागं सरले. “छे, छे! आवं, लेकीच्या घरचं पानी बी घेत न्हाई मी, आन चाकू घ्यू व्हय? काय बोलताय पावनं!” त्यांनी पातं सदऱ्याच्या टोकाला पुसलं, मिटलं आणि चाकू स्वतःच्या हातानं माझ्या खिशात सरकवला. वर खिसा दोनदा थोपटला. गाडी लागली. खिडकीतून बघितलं तर ते पेरूची उरलेली फोड दातांनी तोडत होते.

त्यानंतर मी तत्त्वावर कमी बोलायला लागलो.

१९९६ साली पुन्हा अधिक महिना आला. सासऱ्यांनी पुन्हा विचारलं, “पावनं, काय करायचं?” बायकोनं माझ्याकडं अशी नजर टाकली की अंगठी, चेन, घड्याळ यांपैकी काहीतरी बऱ्या बोलानं मागा. मी म्हणालो, “मामा, तसलाच अजून एक चाकू.”

सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

“पण नवा नको,” मी म्हणालो. “नवा लय घट्ट असतो, अंगठा दुखतो. तुम्ही घ्या, खिशात ठेवा, वापरा. चांगला रुळला की मग मला द्या.”

सासरे माझ्याकडं बघत राहिले. “म्हंजे, मी वापरायचा?”

“व्हय. तुमच्या हाताला तेजाबाची सवय, तुमच्याकडं लवकर रुळंल.” तेजाबाचा आणि बिजागरीचा काय संबंध ते मला माहीत नव्हतं, त्यांनीही विचारलं नाही.

“पावन्याला वापरल्याली वस्तू द्यायची?” सासूबाई कळवळल्या.

“त्येंनीच मागितलीया,” सासरे घाईघाईनं म्हणाले. “जावयाचा शब्द हाय. मोडायचा न्हाई.” बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिचं हसू दाबल्याचा आवाज आला.

१९९९ साली धोंडा भर आंब्याच्या दिवसांत आला. मांडवाखाली सासरे पाटावर बसून आंबे कापत होते. चाकूच्या कडा हातानं घासून चकाकत होत्या. मी शेजारी बसलो आणि विचारलं, “काय मामा, रुळला का माझा चाकू?”

त्यांनी अंगठा नुसता टेकवला. पातं आवाज न करता मिटलं, पुन्हा टेकवला, पातं उघडलं. मग त्यांनी चाकू पुसला, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून बटण लावलं.

“अजून जरा घट्टच हाय, जावईबापू,” ते म्हणाले. “फुडल्या धोंड्याला बघू.”