आईचे हात आणि गुनिलाचा आठवा सिनेमा

शनिवारी इथे न्यूझीलंडमध्ये, लोअर हटच्या कम्युनिटी हॉलमध्ये माझी आई पडद्यावर झळकली. आई म्हणजे वय एकाहत्तर, मुक्काम पोस्ट कोथरूड, सध्या व्हिजिटर व्हिसावर माझ्याकडे. झळकले ते फक्त तिचे हात... पण एका खऱ्याखुऱ्या स्वीडिश दिग्दर्शिकेच्या सिनेमात! हे सांगितल्याशिवाय मला राहवतच नाहीये.

आमच्या शेजारी गुनिला राहते. वय अठ्ठ्याहत्तर, लेकीजवळ राहायचं म्हणून स्वीडनहून इथे आलेली. दोन वर्षांत मी तिच्याशी 'किया ओरा', म्हणजे इथला माओरी नमस्कार, आणि 'आज वारा काय सुटलाय' याच्या पुढे गेले नव्हते. ऑफिसची ट्रेन गाठायची घाई, दुसरं काय.

जुलैत आई डेकवर उन्हात मटार सोलत बसली होती. गुनिला कुंपणापाशी उभी राहून दहा मिनिटं तिच्या हातांकडे बघत होती. "अगं, त्या बाईंना मटार हवेत का विचार," आई मला म्हणाली. मटार नको होते. तिला सिनेमासाठी आईचे हात हवे होते!

मग चहावर सगळी कहाणी कळली. उत्तर स्वीडनमधलं छोटं गाव, वडील लाकडाच्या गिरणीत. अठराव्या वर्षी ती एका स्टुडिओत लागली, प्रत्येक शॉटची नोंद ठेवायच्या कामावर. पंधरा वर्षं तिने दुसऱ्यांच्या सिनेमांच्या नोंदी ठेवल्या. 'मला दिग्दर्शन करायचंय' म्हटलं की लोक हसायचे.

शेवटी एका सुट्टीत तिने मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर स्वतःच्या आईला कपडे धुताना शूट केलं. ते बघून तिला पहिला सिनेमा मिळाला. पुढे एकूण सात केले. चौथा असा आपटला, की नऊ वर्षं तिला कुणी दारात उभं केलं नाही... त्या नऊ वर्षांत बाई शाळेत चित्रकला शिकवत होत्या आणि घरी पाचवा लिहीत होत्या.

आता आठवा, हातांवरचा. आणि घाई होती, कारण तिच्या नजरेचा मधला भाग धूसर होत चालला होता. हे थांबणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. लेक कारिन कॅमेरा सांभाळायला तयार होती, वेळ आली तर सिनेमा पुरा करायलाही. पण गुनिलाचं एकच. "शॉट बरा की वाईट हे मला कळेनासं झालं, की सिनेमा बंद. दुसऱ्याच्या डोळ्यांनी मी काम करणार नाही."

ठरलं, आईने थालीपीठ करायचं. पहिल्या शनिवारी आई पैठणी नेसून, हातभर बांगड्या घालून ओट्यापाशी हजर! गुनिलाने शांतपणे सांगितलं, रोजची साडी. आई तासभर फुगून बसली होती.

गुनिलाची एक पद्धत आहे, ती कधी 'कट' म्हणत नाही. माणूस कॅमेरा विसरेपर्यंत तो चालूच. आई सगळं छान करायची... ओल्या फडक्यावर थापायची, बोटाने भोकं पाडायची, भोकांत तेल सोडायची. आणि थालीपीठ तव्यावरून उतरलं, की ताटली थेट कॅमेऱ्याकडे. "घ्या ना ताई, गरम आहे तोवर!"

दोन शनिवार हेच. मी वैतागले. "आई, अगं शूटिंग चाललंय, तिकडे बघायचं नाही!" तर म्हणे, "माणूस समोर उपाशी बसलंय आणि मी नुसती करत राहू? आपल्याकडे अशी पद्धत नाही." गुनिला मात्र शांत. प्रत्येक वेळी एकच शब्द, "पुन्हा."

तिसऱ्या शनिवारी आईने परत ताटली पुढे केली. या वेळी गुनिलाने घ्यायला हात पुढे केला... आणि तो ताटलीच्या चांगला वीतभर बाजूला गेला. पुन्हा केला, पुन्हा चुकला. कारिनचा चेहरा उतरला. नजर आणखी गेलीय, हे आठवडाभर बाई आमच्यापासून लपवत होत्या.

गुनिला खुर्चीत ताठ बसून राहिली. "आज मला हात दिसले नाहीत," ती म्हणाली. "थापल्याचा आवाज तेवढा ऐकला." एवढंच. मला रडूच आलं.

आईला इंग्लिश जेमतेम कळतं, पण ताटली चुकलेली कळली. तिने गॅस बारीक केला, गुनिलाचा हात धरून तिला ओट्याशी आणलं आणि पिठाचा गोळा हाताखाली दिला. "हं, थापा आता. कडेने पातळ करत जायचं." वर आपला हात ठेवून थापायला लागली. कॅमेरा चालूच होता. कट म्हणणारं होतं कोण?

बराच वेळ दोघी थापत होत्या. मग गुनिलाने आईची बोटं एकेक करून चाचपली, पेरं, नखं, अंगठ्याजवळचा भाजल्याचा जुना डाग. आणि ती कारिनकडे वळली. "थोडी खाली ये. अंगठा घे. आता मला शॉट कळतोय."

त्यानंतरचे सगळे हात तिने असेच केले. आधी हातात धरून बघायचे, मग कॅमेरा कुठे लावायचा ते सांगायचं. एडिटिंगला कारिन शॉट वर्णन करायची आणि बाई भांडून भांडून बदलायला लावायच्या.

शनिवारी हॉलमध्ये शेवटचा शॉट आला. चार हात, एक थालीपीठ. गुनिलाचं बोट भलतीकडेच भोक पाडायला निघतं आणि आई ते उचलून मधोमध आणते. हॉल हसला. पहिल्या रांगेत गुनिलाने आईचा हात घट्ट धरला होता, आणि आई तिला चक्क मराठीत सांगत होती, "आता तुमचा हात आला बरं का ताई."

मी बेचाळीस वर्षांची बाई. 'आता या वयात कुठे नवीन काही' म्हणत पोहण्याचा क्लास तीन वर्षं पुढे ढकलत आलेय. आज लंच टाइममध्ये जाऊन नाव घातलं.

आणि घरी आले तर आई रोजच्या साडीत तयार. गुनिलाचा निरोप होता, नववा सुरू करायचाय... थँक यू गुनिला.