माशाने पाळलेला श्रावण

भोरच्या आगारातून निवृत्त झालेल्या आनंदरावांनी घरात समुद्र आणला. साध्या पाण्यातले मासे काय, गल्लीत कुणीही पाळतं. त्यात कसला मान? म्हणून त्यांनी पुण्याहून खास मीठ आणून काचेच्या टाकीत खारं पाणी केलं आणि त्यात एकुलता एक पिवळाधमक फुलपाखरू मासा सोडला. हा मासा म्हणजे नव्या जावयापेक्षा नाजूक. पाणी जरा गरम झालं की रुसतो, काचेवर टकटक केली की दगडामागे दडतो, आणि खाण्याचे नखरे तर विचारूच नका. पुष्कळ मनधरणी झाली तेव्हा कुठे तो उघड्या शिंपल्यातलं मांस टोचून खायला लागला. तेवढंच खायचा.

आणि श्रावण लागला.

"म्हयनाभर घरात वशाट न्हाई," आनंदरावांच्या आई सखूबाईंनी जाहीर केलं. ज्यांच्या आवाजाने आगारातले ड्रायव्हर-कंडक्टर चळचळा कापायचे, ते आनंदराव साठीतही आईपुढे ब्र काढत नाहीत. मी त्यांची शेजारीण, आणि आमच्याकडे श्रावण पाळत नाहीत, म्हणून शिंपल्यांची पिशवी माझ्या फ्रीजमध्ये आली.

"घाला की गुपचूप एखादा," मी म्हटलं.

"आईचा शबुद कसा मोडायचा गं, माधुरी?" असं म्हणून हे श्रावणबाळ माशासाठी साबुदाणा भिजवायला गेले.

माशाने साबुदाणा तोंडात घेतला आणि थुंकला. वाटाणाही थुंकला. राजगिऱ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. आनंदराव मात्र आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे, "आमचा मासा श्रावण पाळतो बरं का!" लोक चक्क टाकीला हात जोडायचे. इकडे माशाचं पोट खपाटीला गेलं, रंग उतरला, तो कोपऱ्यात कलून राहू लागला. मला इतका संताप यायचा की त्यांच्या घरी जाणंच मी सोडलं.

एका सोमवारी सखूबाई स्वतः माझ्या दारात आल्या. "आमचं शिंपलं दे गं. मरंल त्ये."

मी त्यांच्या मागोमाग गेले. म्हातारीने शिंपला उघडला, कोपरापर्यंत हात खाऱ्या पाण्यात घालून माशापुढे ठेवला. मासा हळूच पुढे आला. एकदा टोचून पाहिलं, मग अधाशासारखा तुटून पडला.

आतून आनंदराव धावत आले. "आये, श्रावण हाय!"

"त्येनं कवा धरला?" सखूबाई कडाडल्या. "मुक्या जिवाला उपाशी मारतोस व्हय रं? आन् तू श्रावणातबी दर बुदवारी कामथडीच्या ढाब्यावं कोंबडी वरपून बडीशेप चावत घरी येतोस, तवा म्या कदी काय बोलले का?"