डाव्या चाकाचा फुगा

शेठच्या अम्मींच्या कण्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मला त्यांच्या घरी गाडी चालवायला लागून सहा वर्षं झाली होती. शेठचे नारपोलीत कापडाचे माग होते. घरची माणसं जुनी, भिवंडीचीच, माझ्याशी मराठीतच बोलायची. अम्मी मला "पोरा" म्हणायच्या, मीही त्यांना घरातल्यांसारखं अम्मीच म्हणायचो.

ठाण्याच्या हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "तीन आठवडे सरळ झोपून राहायचं. घरी नेताना एकही दणका बसता कामा नये." शेठनी ॲम्ब्युलन्स ठरवली, तर अम्मी अडून बसल्या. "त्या गाडीतून मी येणार नाही. मोहल्ल्यातल्या बायांना वाटेल मय्यत आली."

म्हणजे आमचीच गाडी. आठ सीटांची, मागच्या सीटा काढल्या की माणूस आडवा झोपेल एवढी. पण तिचे टायर टणक होते. काल्हेरच्या रस्त्यावर रिकामी गाडी नेली तरी माझेच दात वाजायचे.

मी स्टँडवरच्या ड्रायव्हर लोकांना विचारलं. एक जण गणेशपुरीला आश्रमाचे पाहुणे नेणारा होता. त्याने लांबच्या प्रवासाचे मऊ टायर घातले होते. म्हणाला, "पाहुणे वज्रेश्वरीच्या आधीच घोरायला लागतात. पण जपून हां, रस्ता ऐकूच येत नाही. मलाही एकदा डुलकी लागली होती." दुसरा म्हणाला, "असले टायर हायवेला. आपल्याकडे ट्रकांनी खाल्लेले रस्ते, बाजू फाटते." शेठनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि चारही नवे मऊ टायर बसवून घेतले. स्टेपनी तेवढी जुनीच राहिली. टायरवाल्याने चाकाच्या बाजूवर अंगठा दाबून दाखवला. "मऊपणा इथे असतो. इथे मार लागू देऊ नकोस."

आणायच्या दिवशी सकाळी अकराला आम्ही निघालो. मागे जाड गादीवर अम्मी, कमरेला पट्टा, दोन्ही बाजूंना उशा. त्यांच्या उशाशी भाभी, म्हणजे शेठच्या पत्नी. शेठ घरी खाट लावून घेत होते. मी वीसच्या पुढे काटा जाऊ देत नव्हतो.

गाडी खरंच पाण्यावर चालल्यासारखी चालत होती. खड्डा दिसायचा, मी श्वास धरायचो, आणि मागून हूं की चूं नाही. पण मला घाम फुटला होता. एवढी वर्षं मी रस्ता निम्मा डोळ्यांनी आणि निम्मा कानांनी ओळखत आलो होतो. खडी कुठे, डांबर कुठे, हवा कमी झाली का, सगळं आवाजावरून कळायचं. आता खालून काहीच कळत नव्हतं. कानात बोळे घालून बसवल्यासारखं वाटत होतं.

काल्हेरला एका गोडाउनच्या गेटातून मोठा कंटेनर मागे येत रस्त्यावर आला. समोरून ट्रक. मागून एक जण हॉर्नवर हात ठेवून बसलेला. कचकन ब्रेक मारायची सोय नव्हती. मी हळूच डावीकडे घेतलं. डांबराची कड तुटलेली, खाली गटाराचा सिमेंटचा काठ. पुढचं डावं चाक त्याला घासलं. आवाज झालाच नाही. फक्त स्टेअरिंग क्षणभर ओढलं गेलं.

"काय झालं?" भाभींनी विचारलं.

"काही नाही."

पुढे निघालो, आणि तळहातांना बारीक थरथर लागली. थोडी थांबायची, परत यायची, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. मला कळलं होतं. टायरच्या बाजूला फुगा आला होता, दुसरं काही असूच शकत नव्हतं. फुगा टिकला तर घरापर्यंत टिकतो, फुटला तर गाडी एकदम खाली बसते. आणि तरी मी चालवत राहिलो. थांबलो तर सगळ्यांना कळेल की माझ्या हातून घासलं. शेठनी माझ्यावर विश्वास टाकून अम्मींना सोपवलं होतं. घर पाच-सहा किलोमीटरवर होतं. जाईल, जाईल, असं म्हणत अर्धा किलोमीटर गेलो असेन.

मग मागून अम्मींचा आवाज आला, अगदी हळू. "पोरा, तुझे हात का कापतायत?"

त्यांच्यावर नजर राहावी म्हणून मी आरसा खाली वळवला होता, त्यातून त्यांना माझे हात दिसत होते.

मी पुढच्या गोडाउनच्या फाटकासमोर गाडी बाजूला घेतली. उतरून पाहिलं. टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. भाभींना सांगितलं, "माझ्याकडून काठाला घासलं. चाक बदलावं लागेल."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "जॅक लावला तर गाडी कलंडेल ना? अम्मींची पाठ!"

त्यांनी शेठना फोन लावला. दुसरी गाडी निघाली तरी पुढे ट्रक अडकलेले, दोन तास लागतील. ऊन चढत होतं. दुखणं थांबवायच्या गोळीची वेळ होऊन गेली होती.

गोडाउनचा मुकादम बाहेर आला. माझ्याच गावाकडचा, तिकडच्याच बोलीत बोलणारा. "काय झालं रं? आत कोन हाय?" मी सांगितलं. त्याने मागचं दार उघडून गादीकडे पाहिलं, अम्मींकडे पाहिलं, आणि चार हमालांना हाक मारली. "लांब फळी आना. गादीसकट घ्यायचं. हिसका न्हाय बसला पायजे."

फळी गादीखाली सरकवायला त्यांनी दहा मिनिटं घेतली. एक-एक बोट. सगळ्यात थोराड हमाल अम्मींना म्हणाला, "मावशी, आम्ही काचेच्या पेट्या उतरवतो. एक बी फुटत न्हाय." अम्मींनी डोळे मिटले, ओठ हलत होते. चौघांनी एकाच दमात उचललं. फळी पाण्याच्या पातळीसारखी सपाट राहिली. गोडाउनच्या पत्र्याखाली कापडाच्या गठ्ठ्यांवर त्यांना ठेवलं. भाभींनी तिथेच गोळी दिली.

मी चाक बदललं. नट घट्ट करताना पाना दोनदा सुटला. मग परत तशीच फळी, तशीच सावकाश. उरलेला रस्ता एका कोपऱ्यातून खडखडाट येत होता. जुन्या टायरचा तो आवाज ऐकून मला बरं वाटलं, हेही खरं.

घरी शेठ दारातच उभे होते. अम्मींना वर नेल्यावर मी म्हणालो, "शेठ, चाक माझ्याकडून घासलं. आणि मला लगेच कळलं होतं. तरी मी अर्धा किलोमीटर तसाच आलो."

ते काढलेल्या चाकापाशी खाली बसले, फुग्यावरून बोट फिरवलं.

"अम्मींना माहीत आहे हे?"

"घासलं ते माहीत आहे. अर्ध्या किलोमीटरचं नाही."

"मग आधी त्यांना जाऊन सांग."

मी जिना चढलो. अम्मी खाटेवर छताकडे बघत पडल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच. तू इतका गप्प कधी नसतोस." मग म्हणाल्या, "पुढच्या तपासणीला तूच नेशील. पण काही वाटलं की तोंडाने बोल."

तीन महिन्यांनी अम्मी आधाराची चौकट धरून गॅलरीत चालायला लागल्या. मी त्या घरी आणखी चार वर्षं गाडी चालवली.